आधी झाकण उघडा, मग खरेदी करा

लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलण्याविषयी बरीच पत्रं साठली होती. त्यांतली सात इथे घेतली आहेत. मॉडेल नंबर कळवला नसेल तर नेमकं उत्तर देता येत नाही. लॅपटॉप पालथा केला की तळाच्या स्टिकरवर तो सापडतो. पुढच्या वेळी तेवढा जरूर लिहा.

प्रश्न : २०१७ साली घेतलेला लॅपटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. सुरू केल्यावर पाच मिनिटं काहीच करता येत नाही. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) टाकून भागेल का, आणि कोणती? (सांगली)

उत्तर : वेगासाठी नवीन घ्यायची गरज नाही. टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १०-१५ टक्क्यांवर निवांत, असं दिसत असेल तर सगळे जण डिस्कची वाट बघत बसले आहेत. लॅपटॉपातली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी लागते, आणि त्याआधी हेड त्या जागी सरकायला आणखी १२ मिलिसेकंदांच्या आसपास. सेकंदाला अशा पन्नास-साठ उड्या मारल्या की तिचा दम संपला. विंडोज सुरू होताना तर हजारो बारक्या फायली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलायच्या असतात. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे अशा मागण्या ती सेकंदाला हजारोंनी पुऱ्या करते. खोक्यावर ‘५५० एमबी’ असा मोठा आकडा छापलेला असतो, पण रोजच्या वापरात फरक जाणवतो तो या उड्यांमुळे.

कोणती घ्यायची हे झाकण उघडून किंवा त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघून ठरवा. कंपनीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं आणि त्यात प्रत्येक स्क्रूची जागा दाखवलेली असते. तुमच्या काळातल्या लॅपटॉपात अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी, रुळलेली पद्धत) डिस्कची जागा जवळपास नक्की असते. तिथे ७ मिमी जाडीची अडीच इंची साटा एसएसडी बसते. जुनी डिस्क ९.५ मिमीची असेल आणि नवी खोबणीत हलत असेल, तर अडीच मिमीची प्लास्टिकची चौकट लावावी लागते. काही एसएसडींबरोबर ती मिळते.

शेजारी रॅमच्या पट्टीसारख्या पट्टीसाठी एम डॉट टू स्लॉट असेल तर जरा सावध राहा. पट्टीवर २२८० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. २२४२ आणि २२३० या आखूड. लांबी डोळ्यांना दिसते, खरी फसगत दुसरीकडे होते. त्याच आकाराची पट्टी साटाची असते किंवा एनव्हीएमई या नव्या, वेगवान पद्धतीची. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. दोन खाचांची पट्टी एका खाचेच्या स्लॉटमध्ये छान बसते, स्क्रूही लागतो, पण स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रामला, ती दिसतच नाही. मग माल खराब म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. २०१६-१८ च्या मॉडेलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून मॅन्युअलवरच विसंबा.

स्लॉट एनव्हीएमईचा निघाला तर जरूर ती घ्या, पण महागड्या ‘जेन फोर’ (चौथ्या पिढीच्या) पट्टीवर पैसे घालू नका. तुमचा स्लॉट जेन थ्रीचा असणार. ती चालेल, पण वेग ३५०० एमबीच्या आसपास अडकेल. पातळ लॅपटॉपात दोन्ही बाजूंना चिप असलेली पट्टीही टाळा, खाली जागा नसते.

एसएसडी ‘संपते’ ही भीती अजून पत्रांतून डोकावते. चांगल्या ५०० जीबी एसएसडीवर ३०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी १५,००० दिवस, म्हणजे ४१ वर्षं. त्याआधी बिजागरी तुटेल.

दुकानदाराचं एका बाबतीत चुकत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर असतील तर एसएसडी टाकतानाच लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा विचार करा. ८ जीबी रॅमवर ती मजेत चालतात.

प्रश्न : ५०० जीबी हार्ड डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) १ टीबी एसएसडीवर केला. सुरू होतं छान, पण सी ड्राइव्ह अजून ४६५ जीबीचाच आहे आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसतं, दाबता येत नाही. अर्धी एसएसडी वाया गेली का? (अकोला)

उत्तर : वाया गेलेली नाही, मध्ये भिंत आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडून उजवीकडे बघा : आधी संगणक सुरू करण्यासाठीचा छोटा ईएफआय भाग, मग सी, मग ५०० एमबी ते १ जीबीचा रिकव्हरी भाग, आणि त्याच्यापलीकडे काळी पट्टी, तीच तुमची रिकामी जागा. विंडोजला सी वाढवायचा तर रिकामी जागा सीला लागूनच हवी. रिकव्हरी मध्ये बसल्यामुळे बटण फिकट.

जीपार्टेड या डिस्कचे भाग हलवणाऱ्या प्रोग्रामची लाइव्ह पेन ड्राइव्ह (जिच्यावरून संगणक थेट सुरू होतो अशी) बनवा. त्याआधी विंडोज पूर्ण बंद करा, म्हणजे शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’. नुसतं बंद केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे सी अर्धवट झोपेत राहतो आणि जीपार्टेड त्याला हात लावायला नकार देतो. पेन ड्राइव्हवरून सुरू झाल्यावर आधी उजवीकडच्या यादीत ९३१ जीबीची डिस्क निवडली आहे याची खात्री करा. १ टीबी तिथे ९३१ दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या. रिकव्हरीवर उजवी क्लिक, ‘रिसाइज / मूव्ह’, आणि तो चौकोन ओढून पार उजव्या टोकाला न्या. ‘अप्लाय’. एवढंच इथे करा. सी वाढवायचं काम परत विंडोजमध्ये येऊन करा, आता बटण गडद झालेलं असेल.

बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ हे डिस्कचं कुलूप चालू असेल तर हे सगळं करण्याआधी ते पूर्ण बंद करून, उलगडणं संपेपर्यंत थांबा. नवीन लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. मग डिस्क हलवली की निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची चावी मागतात. ती त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच कागदावर उतरवून ठेवा.

क्लोन झाल्यावर जुनी आणि नवी डिस्क दोन्ही जोडून लॅपटॉप सुरू करू नका. दोघींची ओळखखूण एकच असते, त्यामुळे विंडोज एकीला ‘ऑफलाइन’ करते, आणि कधी कधी गुपचूप जुन्या डिस्कवरूनच चालू होते. आठवडाभराने जुनी पुसली की लॅपटॉप बंद पडतो.

आमचं मत विचाराल तर सहा-सात वर्षांच्या विंडोजचा क्लोन म्हणजे जुन्या घरातली अडगळ नव्या घरात नेणं. ट्रायल अँटिव्हायरस, तीन-तीन प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं आलं. विंडोजचा परवाना मदरबोर्डला बांधलेला असतो, डिस्क बदलून तो जात नाही. नव्याने टाकताना चावी विचारली तर ‘माझ्याकडे चावी नाही’ निवडा आणि आधीचीच आवृत्ती, होम तर होम, टाका. क्लोन करावा तो टॅलीसारखं एखादं सॉफ्टवेअर पुन्हा बसवणं डोकेदुखीचं असेल तेव्हाच.

प्रश्न : बॅटरीशेजारी अडीच इंची डिस्कची रिकामी जागा दिसते म्हणून एसएसडी घेऊन आलो. पण जोडायला काहीच नाही. (मडगाव)

उत्तर : कंपन्या एकाच साच्यातून अनेक मॉडेल काढतात. फक्त एम डॉट टू घालून विकलेल्या मॉडेलमध्ये अडीच इंची जागा मोकळी राहते, पण तिची केबल आणि धातूची चौकट खोक्यात देत नाहीत. मदरबोर्डच्या कडेला १०-२० बारीक पिनांचा, काळ्या पट्टीचा चपटा कनेक्टर आहे का बघा. असेल तर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ‘हार्ड डिस्क केबल’चा पार्ट नंबर शोधा आणि अगदी तोच मागवा. ‘सेम टू सेम’ केबलची लांबी किंवा पिनांचा क्रम वेगळा निघतो.

ही केबल चपट्या रिबिनीची असते. ती ओढू नका, ढकलूही नका. कनेक्टरची काळी पट्टी नखाने ९० अंशात वर उचला, रिबीन सरळ आत सरकवा, दोन्ही बाजूंची पांढरी रेघ कनेक्टरला समांतर आली की पट्टी खाली दाबा. पट्टी तुटली तर मदरबोर्डवरचा कनेक्टर बदलण्याचं काम निघतं, आणि ते एसएसडीपेक्षा महाग पडतं.

कनेक्टरच्या जागी बोर्डावर नुसते चकचकीत ठिपके असतील तर त्या मॉडेलला ही सोय दिलेलीच नाही. काही मॉडेलांत तर मोठी बॅटरी निवडली की डिस्कची जागाच बॅटरी खाते. अशा वेळी आहे ती एम डॉट टू पट्टी काढून मोठ्या क्षमतेची लावणं हाच मार्ग, आणि आणलेली अडीच इंची एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून बाहेरून वापरा.

प्रश्न : बाराव्या पिढीच्या लॅपटॉपात ५१२ जीबी काढून १ टीबी एनव्हीएमई लावली. विंडोज टाकायला गेलो तर डिस्कची यादी रिकामी. (नाशिक)

उत्तर : आधी बायोसमध्ये जा. तिथेही दिसत नसेल तर पट्टी नीट बसलेली नाही. पट्टी सुमारे ३० अंशात तिरकी घालायची, सोनेरी दात जेमतेम दिसेनासे होईपर्यंत. सोडल्यावर ती वर उचललेलीच राहते, मग टोकाला बोटाने दाबून २ मिमीचा स्क्रू लावायचा. सपाट धरून ढकलली तर अर्धीच आत जाते.

बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या यादीत नाही, असं असेल तर कारण बहुधा इंटेलची व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी व्यवस्था. अकराव्या पिढीपासून ती अनेक लॅपटॉपांत कारखान्यातूनच चालू असते आणि विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून ‘रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर उतरवून घ्या. तो एक्झी फाइल म्हणून आला तर तसाच पेन ड्राइव्हवर टाकून उपयोग नाही, उलगडून आतल्या ‘डॉट आयएनएफ’ फायली असलेलं फोल्डर ठेवा. मग रिकाम्या यादीच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ते फोल्डर दाखवा.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा सल्ला मित्रमंडळी देतात. कोऱ्या डिस्कवर तो चालतो. आधीपासून विंडोज असलेल्या डिस्कवर मात्र असा बदल केला की ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’चा निळा पडदा येतो. तसं करायचंच असेल तर आधी ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’मध्ये सेफ बूट लावा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि सेफ बूट काढून टाका.

प्रश्न : डिस्क मधूनच टिक-टिक करते, फोटो उघडायला वेळ लावते. मरायच्या आत क्लोन करून घेऊ का? (रत्नागिरी)

उत्तर : क्लोन नको. आधी फोटो. क्लोन करणारं सॉफ्टवेअर डिस्क पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचत जातं, आणि वाटेत खराब जागा लागली की तिथेच पुन्हापुन्हा डोकं आपटतं. आजारी डिस्कला तेवढाच व्यायाम पुरतो. विंडोजचा ‘चेक डिस्क’ही चालवू नका, तो फायलींची व्यवस्था ‘दुरुस्त’ करताना डिस्कवर लिहितो, आणि जे वाचवायचं तेच तुटतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रामने आकडे बघा. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे रांगेत अडकलेल्या जागा. सी५ रोज वाढत असेल तर डिस्कचे दिवस भरले. आकडे हेक्समध्ये दिसतात, तिथे १० म्हणजे सोळा. सेटिंगमध्ये दशमान करून घ्या, नाहीतर वाढ कळत नाही. एकटा सी७ वाढत असेल तर मात्र डिस्कवर संशय घेऊ नका, केबल किंवा कनेक्टर ढिला असतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कनेक्टरवर हिरवट थर चढतो, तो बघा.

डिस्क चालू असेपर्यंत महत्त्वाचं फोल्डर आधी, चित्रपट शेवटी, अशा क्रमाने दुसरीकडे उतरवा. मध्ये अडकायला लागली तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कवरून माहिती वाचवणारं सॉफ्टवेअर वापरा. ते आधी चांगले भाग भराभर उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. नोंदवही ठेवतं, त्यामुळे मध्ये बंद केलं तरी तिथूनच पुढे जातं. टिक-टिक ठेक्यात आणि सतत होऊ लागली तर वीज काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवायचा जुना उपाय तर विसराच. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि कोकणात तर नक्कीच.

प्रश्न : भरतकाम मशिनला डिझाइन पाठवणारा जुना लॅपटॉप आहे, एक्सपीवर चालतो, सिरीयल पोर्ट त्यालाच आहे. ४० जीबीची डिस्क घरघर करते. तशी डिस्क आता मिळत नाही. (इचलकरंजी)

उत्तर : ती अडीच इंची आयडीई (साटाच्या आधीच्या पद्धतीची) डिस्क, ४४ पिनांची. तशी ‘नवी’ म्हणून जी मिळते ती बहुधा कुठल्या तरी यंत्रातून काढून पुसलेली असते. त्यापेक्षा एमसाटा (साटाची छोटी एसएसडी) पट्टी आणि तिला ४४ पिनांच्या आयडीईत बदलणारी अडीच इंची डबी घ्या. पट्टी १२८ जीबीपर्यंतचीच, कारण त्या काळातल्या अनेक बायोसना १३७ जीबीपलीकडचं दिसत नाही. डबी लावताना पिनांकडे बघा : ४४ पिनांच्या शेजारी चार सुट्या पिना जंपरच्या असतात. चुकून एक रांग सरकवून लावली तर पट्टी जळते.

क्लोन दुसऱ्या संगणकावर यूएसबीने करू नका. जुन्या लॅपटॉपचं बायोस डिस्कची मोजणी आपल्या पद्धतीने करतं, आणि बाहेर केलेला क्लोन आत लावल्यावर ‘डिस्क रीड एरर’ देऊन थांबतो. क्लोनझिला या क्लोन करणाऱ्या प्रोग्रामची ३२-बिट आवृत्ती सीडीवर घ्या, त्याच लॅपटॉपात जुनी डिस्क असताना तिची प्रतिमा यूएसबी डिस्कवर उतरवा, मग नवी डबी आत बसवून तिथेच ती उतरवून घ्या. वेळ लागेल, रात्रभर लावून ठेवा. जुनी डिस्क पुसू नका, मशिनच्या कपाटात लेबल लावून ठेवा. हा लॅपटॉप इंटरनेटला अजिबात जोडू नका.

प्रश्न : स्वस्त पडते म्हणून ५ टीबीची एक्स्टर्नल डिस्क फोडून आतली लॅपटॉपात बसवता येईल? आणि निघालेली जुनी डिस्क विकावी का? (पुणे)

उत्तर : नाही. ५ टीबीची अडीच इंची डिस्क १५ मिमी जाड असते, लॅपटॉपात ७ किंवा ९.५ मिमीचीच जागा. शिवाय काही कंपन्यांच्या एक्स्टर्नल डिस्कमध्ये साटा कनेक्टरच नसतो, यूएसबी थेट सर्किटवर डाग दिलेलं असतं.

जुनी डिस्क विकण्यापेक्षा यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि बॅकअपला ठेवा. वीज न देता वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू म्हणून एसएसडी कमकुवत. लिहिण्याची हमी संपलेली ग्राहक वर्गाची एसएसडी ३० अंशांना विजेशिवाय वर्षभर माहिती धरेल, एवढीच अपेक्षा मानकात आहे. विकायचीच असेल तर हार्ड डिस्कला ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या, ते सगळीकडे शून्य लिहितं. एसएसडीला ते पुरत नाही, कारण तिच्या काही जागा विंडोजला दिसतच नाहीत. तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं किंवा बायोसमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा. आणि टिक-टिक करणारी डिस्क कुणाला विकू नका. झाकण उघडून आतल्या चकत्यांवर स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे ओढा. काही चकत्या काचेच्या असतात आणि फुटतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा.